टेकडीवरची चुन्याची चौकट

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. बाबा मिलमध्ये साचेखात्यात, मागांच्या खडखडाटाने कान अर्धे गेलेले. त्यांना ऐकू जावं म्हणून आई ओरडायची, आई ओरडते म्हणून दादा ओरडायचा, आणि या सगळ्यांच्या वर आपला आवाज निघावा म्हणून मी. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत नवं बिऱ्हाड आलं की त्यांना वाटायचं, या घरात रोज भांडण होतं. तसं ते व्हायचंही, पण आवाजाचा त्याच्याशी संबंध नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी चारचौघांत दादाला काय काय बोलले ते पुढे यायचंय. लोक म्हणतात बाई फार तोंडाळ आहे. आहे बाई. आता या वयात काय बदलणार?

चाळीतून सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. त्यामुळे मी डॉक्टरीण होणार हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर आपली गुडघेदुखी खास माझ्यासाठी राखून ठेवली होती. आणि मी घेतलं काय, तर भूगर्भशास्त्र! दगडांचं शिक्षण असतं हे ऐकून आईने कपाळाला हात लावला.

"दगड बघूक कॉलेजात कित्याक जावक होया?" ती म्हणाली. आई मालवणकडची, मुंबईत आयुष्य गेलं तरी तिची बोली तिच्या जिभेवरून हलली नाही. "सरळ खाणीत जा. पगारपण गावतलो."

गंमत अशी की मी खरंच खाणीत जाऊन पोचले.

चाळीपासून समुद्राच्या अंगाला चालत गेलं की एक टेकडी होती. तिची एक कूस फोडून खडी काढायचं काम चालायचं. दुपारी सुरुंगाचा आवाज झाला की आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची, एवढीच तिची आम्हाला ओळख. कॉलेजातले आमचे सर एका रविवारी आम्हा विद्यार्थ्यांना तिथे घेऊन गेले. सर शिवाजी पार्कला राहणारे, सडेफटिंग, पुण्याकडचं स्वच्छ मराठी बोलणारे. विद्यार्थ्यालासुद्धा 'अहो' म्हणायचे. मैदानात पहाटे फिरायला जातानाही त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत हातोडी असायची. मैदानात हातोडी कशाला हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

टेकडीच्या फोडलेल्या कड्यात खाली काळा पत्थर, वर काळा पत्थर, आणि मधोमध राखाडी रंगाचा एक मऊ थर होता. खडीला तो काही कामाचा नाही, म्हणून खाणवाले त्याला 'माती' म्हणायचे आणि बाजूला ढकलून द्यायचे. सरांनी त्यातला एक तुकडा माझ्या हातात दिला. "हलकेच टोक मारा," म्हणाले. मी मारलं. तुकडा चिरोट्याच्या पदरासारखा सुटला, आणि आत एक पान.

चित्र नव्हे, पान. काळं, बोटभर लांब, मधली शीर, तिच्यातून निघालेल्या बारीक शिरा, एका कडेला किड्याने खाल्लेला चतकोर. तो चतकोर बघून माझ्या अंगावर काटा आला. कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्यातरी अळीला भूक लागली होती आणि तिचं जेवण अर्धवट राहिलं होतं!

सर सांगत होते, इथे एकदा उथळ तळं होतं, काठाला झाडं होती, पाण्यात बेडक्या होत्या. पानं गळून चिखलात बसली. मग वरून तापलेल्या दगडाचा रस आला आणि सगळ्यावर झाकण बसलं. मी ऐकत होते पण डोळे त्या पानावरून निघत नव्हते. त्या दिवसापासून मी टेकडीची झाले. कॉलेज सुटलं की तिथे, सुट्टी असली की तिथे. खाणीतले लोक हसून म्हणायचे, "आली पानवाली." मी त्यांनाही उलट बोलायचे आणि त्यांच्या डब्यातली भाकरीही खायचे.

दादाचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. गिरणगावात तेव्हा भिंती रिकाम्या राहत नसत, आणि आमच्या भागातल्या निम्म्या भिंतींवर दादाचा हात होता. लालबागला एका पेंटरच्या दुकानात तो पाट्या रंगवायचा. अक्षर त्याने त्याच दुकानातल्या एका मित्राकडून उचललं होतं. तो मित्र फाउंटनच्या गोळीबारात गेला. सकाळी दुकानातून हसत निघाला होता, कुंचला पाण्यात भिजत ठेवून. तो कुंचला दादाने घरी आणला, आणि मग दुसऱ्या कशाने त्याने घोषणा लिहिली नाही. चुन्याची अक्षरं, त्यांना गेरूची कडा. चुन्यात तो सरस घालायचा, अंदाज त्याचा स्वतःचा. "माझं अक्षर पावसाला भीक घालत नाही," असं तो म्हणायचा, आणि ते खरं होतं.

लिहिलेलं अक्षर पुसायचं नाही, ही मित्र गेल्यावर दादाने घेतलेली शपथ होती. एकदा एका हवालदाराने त्याला पकडून हातात बादली दिली आणि आपलीच घोषणा पुसायला सांगितली. दादाने बादली खाली ठेवली. मार खाल्ला, कोठडीत बसून आला, पण भिंत तशीच राहिली. घरी आला तेव्हा त्याचा ओठ सुजला होता आणि आई त्याला शेक देता देता शिव्या देत होती, हवालदाराला एक आणि त्याला दोन.

आमचं दोघांचं पटायचं नाही असं नाही, पण टोमणे चालायचे. "माणसं मरतायत आणि तू सुकी पानं वेच," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "माझं पान तुझ्या दिल्लीच्या आधीचं आहे, आणि तुझ्या मुंबईच्याही." कधी प्रेमात आला की म्हणायचा, "बाय, तू टेकडीवर भटकतेस. समुद्रावरून येणाऱ्याला लांबून दिसेल अशी एखादी सपाट भिंत बघ ना माझ्यासाठी. एकदा तरी भावाच्या उपयोगी पड." मी म्हणायचे, "बघते, बघते." भाजीवालीला 'उद्या घेते' म्हणतो तितकंच ते खरं.

आता त्या काळची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भिंतींना मागणी फार, लिहिणारी मंडळं अनेक. म्हणून ज्याला भिंत हवी त्याने आधी येऊन चुन्याची चौकट आखून जायचं. चौकट आखली की भिंत राखली. मग दुसऱ्या कोणी तिच्यात बोट घालायचं नाही. कोपऱ्यात रेघा एकमेकींना ओलांडून पुढे काढल्या की आमच्या आळीची चौकट, हे सगळ्यांना ठाऊक. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि तो मोडायची कोणाची प्राज्ञा नव्हती. एकदा नायगावच्या पोरांनी चुकून दुसऱ्याच्या चौकटीत लिहिलं, तर त्यांच्याच आळीतल्या बायकांनी त्यांची अशी हजेरी घेतली की पोरं स्वतः जाऊन माफी मागून आली.

तर टेकडीवर काय झालं, खाण सरकत सरकत त्या राखाडी थराच्या सर्वांत चांगल्या भागाशी आली. समुद्राकडे तोंड केलेली, पलंगाएवढी एक उतरती सपाट कपार उघडी पडली होती, आणि तिच्यावर पानंच पानं. एकावर एक, आडवी, उभी, मध्ये बिया, एका ठिकाणी गवताची काडी. असं आख्खं अंगण मुंबईत दुसरं नव्हतं. आणि ठेकेदाराला ते उडवून मागचा काळा पत्थर काढायचा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला खडी हवी होती आणि पानांची खडी होत नाही.

सरांनी खूप खटपट केली. भूगर्भ खात्याच्या कलकत्त्याच्या मोठ्या कचेरीतला एक साहेब मुंबईला येणार होता. त्याने कपार डोळ्यांनी बघून शिफारस केली तरच ती जागा सरकारी संरक्षणात जाईल, नाहीतर नाही. ठेकेदार तोंड वाकडं करून म्हणाला, "साहेब येईपर्यंत थांबतो. पुढे एक दिवस नाही." सर मला म्हणाले, "अहो, या कपारीला चुन्याने खूण करून ठेवा. चुकून कोणी सुरुंगाचं भोक पाडायला नको."

मी घरी आले, दादाच्या खाटेखालची चुन्याची बादली उचलली, टेकडीवर जाऊन कपारीभोवती ऐसपैस चौकट आखली. सरळ रेघा, चारी कोपऱ्यांत एकमेकींना ओलांडून गेलेल्या. जन्मभर तशीच चौकट बघितलेली, हाताला दुसरी कुठली माहीत असणार? बादली परत खाटेखाली ठेवली आणि निवांत झोपले.

दोन-चार दिवसांनी सकाळी सरांबरोबर टेकडी चढले. साहेब त्याच आठवड्यात येणार होते. शेवटचं वळण घेतलं आणि सर थांबले. मी त्यांच्या मागे होते. "काय झालं, सर?" म्हणून पुढे आले.

माझ्या चौकटीत, अगदी रेघेला रेघ मोजून बसवल्यासारखं, वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. चुना पांढराशुभ्र, गेरूची कडा कुठे थरथरलेली नाही. एकही पान दिसत नव्हतं.

अक्षर कोणाचं हे मला सांगायला नको होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. सर काहीतरी बोलत होते ते मी ऐकलंच नाही. टेकडी उतरून डिलाईल रोडवरून मी अशी निघाले की ट्रामवाल्याने घंटा मारून मारून हात दुखवून घेतला असेल.

दादा गॅलरीत दात घासत होता. मला बघितल्याबरोबर त्याचा चेहरा फुलला. तोंडात मशेरी तशीच, म्हणाला, "बघितलंस? कसं बसवलंय! बाय, मला वाटलं नव्हतं गं तू खरंच भिंत राखशील माझ्यासाठी. बादली हललेली दिसली तेव्हाच म्हटलं, काहीतरी आहे. रात्री टेकडीवर जाऊन बघतो तर आपल्या आळीची चौकट! आणि काय जागा शोधलीस! मी तर म्हटलं, आता हिला कधी काही बोलायचं नाही."

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुझ्या डोळ्यांच्या काचा झाल्या का, म्हणाले. पान आणि भिंत यातला फरक बैलालासुद्धा कळतो, म्हणाले. तुझ्या त्या एका ओळीपायी कोट्यवधी वर्षांचं वाटोळं केलंस, म्हणाले. आख्खी चाळ गॅलरीत आली. बाबांनासुद्धा पहिल्या झटक्यात ऐकू गेलं, म्हणजे आवाज किती असेल बघा.

दादा उलट बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने चूळ भरली, शर्ट अडकवला आणि दुकानात निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावरचं ते फुललेलं हसू मावळलं ते मी बघितलं, आणि तरी माझा राग उतरला नाही.

आई चुलीपाशी बसून होती. सगळं झाल्यावर एवढंच म्हणाली, "माका सांग, ती तुझी पानां आसत तां तू त्याका कधी सांगलंस काय?"

खरं होतं ते. म्हणूनच मी आणखी चिडले आणि दप्तर उचलून चाळ उतरले.

संध्याकाळी टेकडीवर परत गेले तर तिथे वेगळाच तमाशा. ठेकेदार म्हणत होता, "तुमची ती पानं तर गेलीच की चुन्याखाली. साहेब येऊन आता काय बघणार, माझं कपाळ? उद्या उडवतो." आणि खाणीतले सगळे लोक हाताची घडी घालून उभे. त्यांचा मुकादम म्हणाला, "शेठ, दुसरीकडे कुठेही सुरुंग लावतो. या अक्षरांवर लावणार नाही. आमच्या गल्लीतला पोर गेलाय याच्यापायी."

ठेकेदाराने आवाज चढवून बघितला, गोड बोलून बघितलं. कोणी पहार उचलली नाही. अखेर तो पाय आपटत निघून गेला. मी बघत राहिले. ज्या घोषणेने माझी पानं झाकली तीच आता त्यांना राखत होती. रडावं की हसावं कळेना.

सर दगडावर बसून विचार करत होते. "अहो, पेच आहे," ते म्हणाले. "अक्षरं ठेवली तर कपार वाचते, पण साहेबांना पानं दिसत नाहीत. पुसली तर पानं दिसतील, पण साहेब यायच्या आत ठेकेदार सुरुंग लावून मोकळा होईल. लोक मग कशाला अडवतील?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता, पण त्यांनी चष्मा तीनदा पुसला.

"पुसणार कसं?" मी म्हटलं. "सरस आहे त्यात. ओढलं तर पानासकट निघेल."

मागून आवाज आला, "सरस गरम पाण्याने सुटतो."

दादा होता. दुकानातून परस्पर आला होता. माझ्याकडे बघत नव्हता, कपारीकडे बघत होता. मी एका टाकाऊ तुकड्यावरचं एक पान उचलून त्याच्या हातात दिलं. ओरडले नाही, माझ्या मानाने हे फारच झालं. त्याने ते उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. किड्याने खाल्लेली कड त्याला दिसली असावी, कारण त्याने तिथे नख लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"हे सगळं आहे याच्या खाली?"

"हो."

"मग आधी नाही का सांगायचं, बाये?" तो म्हणाला, हळू आवाजात. आमच्या घरात हळू आवाजात कोणी बोलत नसे. मला रडूच कोसळलं.

सरस गरम पाण्याने सुटेल, पण चुना? चुना आंबटाने सुटतो हे मला कॉलेजात शिकवलं होतं, आणि आमच्या घरात आंबट म्हणजे चिंच. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने चिंचेचं कढत पाणी गाळून कळशी भरली, चाळीतल्या बायकांनी जुन्या धोतरांच्या मऊ चिंध्या दिल्या, आणि आमची वरात टेकडीवर निघाली. सरांनी आधी टाकाऊ तुकड्यावर थोडा चुना लावून वाळवला, मग पाणी घालून बघितलं. बारीक बुडबुडे आले, चुना विरघळला, खालचं पान जसंच्या तसं. सर चक्क हसले.

मी चिंधी भिजवली. दादाने ती माझ्या हातातून घेतली.

"लिहिलंय मी. पुसणार मी."

"दादा, तुझी शपथ..."

"ते मी बघतो. ज्याचा कुंचला त्याला सांगेन, तुझं अक्षर बहिणीसाठी पुसलं म्हणून. तो काही रागावणारा नव्हता." त्याने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

खाणीतल्या लोकांची जेवणाची सुट्टी होती. दादा पुसायला लागला तसे ते डबे सोडून उठले. "अरे, काय करतोस? कोणी धमकावलं तुला?" ठेकेदारही येऊन लांब उभा राहिला, खूश.

दादा त्यांच्याकडे वळला. त्या दिवशी त्याचा आवाज परत आमच्या घरचा होता. "कोणी धमकावलं नाही. अक्षरं मी पुसतोय. चौकट पुसत नाहीये. कोपरे बघा. भिंत माझ्या बहिणीने राखलीय. चौकटीत दुसऱ्याने बोट घालायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

मुकादम पुढे आला. कोपऱ्यात एकमेकींना ओलांडून गेलेल्या रेघा त्याने बघितल्या. "आपल्याच आळीची," तो म्हणाला. मग ठेकेदाराकडे बघून, "शेठ, राखलेली भिंत आहे." झालं! ते सगळे जाऊन परत डब्यांपाशी बसले. ठेकेदाराला त्या वाक्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला नाही आणि त्याने विचारलाही नाही. गिरणगावात खडी काढायची असेल तर काही गोष्टी विचारायच्या नसतात एवढी अक्कल त्याला होती.

दादा एकेक अक्षर भिजवत होता, थांबत होता, टिपत होता. 'मुंबई'तला म गेला आणि त्याच्या पोटातून एक पान वर आलं, काळंभोर, ओलं, जसं काही आत्ताच पाण्यातून काढलंय. दादा मागे सरकला.

"हे कुठल्या झाडाचं?"

"माहीत नाही. अजून कोणालाच माहीत नाही."

"मग शोध ना," तो म्हणाला, आणि पुढचं अक्षर भिजवलं.

दिवस मावळेपर्यंत सगळं निघालं. गेरूची मात्र थोडी लाली कडेकडेला राहिलीच. आई म्हणाली, "ऱ्हांवदे तितकी. नव्या नवरेक कुंकू नको?" खाणीतल्या बायका हसल्या आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच मीही हसले.

साहेब आले. बंगाली गृहस्थ, डोक्यावर टोपी, बूट चिखलाचे. कपारीसमोर आले. मग कडक इस्त्रीची पँट घातलेला तो माणूस सरळ गुडघ्यांवर बसला आणि भिंग लावून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रांगत गेला. त्यांनी बोटाने गेरूची लाली दाखवून सरांना विचारलं, हे काय? सर इंग्रजीत, अगदी वर्गात शिकवावं तसे म्हणाले, "लाल आहे ते चालू काळातलं, साहेब. काळं आहे ते जुनं. दोन्ही इथलंच आहे." आयुष्यात सरांनी राजकारणावर काढलेला मी ऐकलेला हा एकमेव उद्गार.

साहेबांनी शिफारस केली. चौकटीच्या बाहेर चारी बाजूंना आणखी थोडी जागा सोडायला ठेकेदाराला सांगितलं. पण शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात ते सहा महिने फार कमी धरलेत. हुकूम यायला इतका वेळ लागला की माझी परीक्षा झाली, निकाल लागला, सरांच्या हाताखाली मला काम मिळालं. तोवर त्या पानांना ना कुंपण होतं ना पहारा. होती ती एक चुन्याची रेघ. दर पावसाळा सरला की मी आणि दादा बादली घेऊन जायचो आणि ती ताजी करून यायचो. खाण दोन्ही बाजूंनी पुढे गेली. त्या रेघेच्या आत कोणी पहार टेकवली नाही.

राज्य झालं, त्या दिवशी गिरणगावाने काय केलं हे मी सांगायला नको. दादा शिवाजी पार्कहून परत आला तो गुलालाने ओळखू येत नव्हता. आईने दारातच अडवून त्याच्या डोक्यावर तांब्या ओतला आणि मग त्याला घट्ट धरून उभी राहिली. त्याने आत येऊन तो कुंचला धुतला, पुसला आणि देवांच्या फळीवर ठेवला. "झालं तुझं काम," म्हणाला, कुंचल्याला म्हणाला की मित्राला, मला कळलं नाही. मला वाटलं, आता हा परत तो उचलणार नाही.

पुढे कधीतरी टेकडीचा हुकूम आला. कुंपण होणार होतं, पाटी लागणार होती. वरून आलेला मजकूर इंग्रजीत होता. सर कचेरीत जाऊन बसले आणि मराठी पाटी पास करून घेतल्याशिवाय उठले नाहीत. रंगवायचं काम दादाच्या दुकानात आलं. दादाने पत्रा घरी आणला, गॅलरीत भिंतीला टेकवून उभा केला. निळा रंग वाळलेला होता. चाळ जमलीच, तिला काय, निमित्त हवं असतं. बाबा खुर्ची घेऊन समोर बसले.

दादा फळीपाशी गेला, कुंचला काढून आणला, पाण्यात भिजवला. मग तो माझ्याकडे धरून म्हणाला, "आधी चौकट तू आख."

"मी? तूच काढ की सरळ. माझी रेघ वाकडी येते."

"येऊ दे."

मी आखली. रेघ खरंच थोडी वाकडी आली. कोपऱ्यात रेघा एकमेकींना ओलांडून गेल्या. पत्र्यावरच्या सरकारी पाटीला असं कोणी करत नाही, पण मला ते कुठे सुचतंय. दादाने कुंचला घेतला, रंगात बुडवला, मजकुराच्या कागदाकडे एकदा बघितलं. 'संरक्षित जागा. येथील दगडात प्राचीन वनस्पतींचे अवशेष आहेत. कोणीही हात लावू नये.' मग कुंचला पत्र्याजवळ नेऊन तो थांबला आणि बाबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्याने मला विचारलं, "बाय, भिंत तू राखलीयस ना? मग लिहू?"

सगळी चाळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आमच्या घरच्या आवाजात सांगितलं.

"लिही, दादा."